‘झोंबिवली’च्या पुढच्या भागासाठी, तो करू शकणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, तसेच ‘झोंबिवली’चे निर्माते, लेखक आणि कलाकार यांस,

सप्रेम नमस्कार.

मुद्द्याचंच आधी लिहिते. ‘झोंबिवली’ या मराठी झोंबीपटाचा दुसरा भाग व्हावा, तो मराठीतच व्हावा आणि त्याने आपला मुलूख सोडून लांब जाऊ नये, या तीन मागण्यांसाठी हे पत्र आहे. पहिली मागणी तुमच्यापाशी अनेकांनी केली असेल. उरलेल्या दोन मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. दुसरा भाग आलाच नाही तर वाईट वाटेल, पण भलताच दुसरा भाग आला तर पहिल्यालाही धक्का लागेल, आणि त्याची मला जास्त धास्ती आहे.

माझं माहेर डोंबिवलीचं, सासर भांडुपचं. पहिला मराठी झोंबीपट येतोय आणि त्याच्या नावातच आपलं गाव आहे, हे कळल्यावर माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो दंगा झाला, तो कुणाच्या लग्नाच्या वेळीही झाला नव्हता. पण सिनेमा आला कधी, तर 26 जानेवारी 2022 ला. तेव्हा ओमायक्रॉनची लाट चालू होती आणि महाराष्ट्रातली थिएटरं निम्म्या क्षमतेनं चालवायची परवानगी होती. राज्यातला ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण डिसेंबर 2021 मध्ये सापडला तोही कल्याण-डोंबिवलीतच. म्हणजे एक खुर्ची सोडून, मास्क लावून बसलेली माणसं, आपल्याच गावात पसरलेली साथ पडद्यावर बघत होती. आम्ही खूप हसलो. त्या हसण्यात सुटकेचा भाग किती मोठा होता, ते दोन वर्षं घरात कोंडून घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

हे एवढं लिहिण्याचं कारण व्यवहाराचं आहे. दुसऱ्या भागाचा विषय निघाला की कुणीतरी पहिल्याच्या गल्ल्याचा कागद समोर ठेवणार. त्या कागदावर अर्ध्या रिकाम्या खुर्च्या दिसत नाहीत. ज्या घरांत म्हातारी माणसं होती, ती घरं तेव्हा थिएटरकडे फिरकलीच नाहीत. मराठी सिनेमा म्हणजे सहकुटुंब जाणारा प्रेक्षक, आणि नेमकं ते कुटुंबच त्या महिन्यात घरी बसलेलं होतं. त्यातल्या अनेकांनी हा सिनेमा पुढे ओटीटीवर पाहिला. त्यांना दुसऱ्या भागाचं तिकीट काढायची इच्छा आहे की नाही, हे जानेवारी 2022 च्या आकड्यांवरून ठरवू नका, ही विनंती.

आता पहिल्या भागात नेमकं काय जमलं होतं, ते माझ्या नजरेतून सांगते. मेकअप चांगला होता, धावपळ चांगली होती, पण ‘झोंबिवली’ टिकला तो पाण्यामुळे. एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला झोपडपट्टी, आणि मधे पाण्याचं भांडण. स्वतःचं घर झालं म्हणून सुखावलेला, वादात न पडणारा मध्यमवर्गीय इंजिनिअर सुधीर. त्याची गरोदर बायको सीमा. आणि वस्तीसाठी भांडणारा विश्वास. अमेय वाघ, वैदेही परशुरामी आणि ललित प्रभाकर या तिघांनी ही माणसं अशी उभी केली, की झोंबी नसते तरी ती आमच्या ओळखीची वाटली असती. झोंबी आले, तेव्हा टॉवरवाल्यांना आणि वस्तीवाल्यांना एकमेकांचे चेहरे पहिल्यांदा नीट दिसले. सिनेमाचा सगळा जीव या एका गोष्टीत होता.

आणि ते डोंबिवलीतच घडू शकत होतं. बाहेरच्या माणसाला ही अतिशयोक्ती वाटेल, पण या शहरानं जानेवारी 2014 मध्ये हिरवा पाऊस पाहिला आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता रसायनांनी गुलाबी झाला होता आणि खुद्द मुख्यमंत्री तो बघायला आले होते. मे 2016 आणि मे 2024 मध्ये इथल्या कारखान्यांत झालेल्या स्फोटांत माणसं गेली, कैक किलोमीटरवरची तावदानं हादरली. महापालिकेत 2015 साली आलेल्या 27 गावांचा पाणीप्रश्न मी माहेरी गेले की दर वेळी ऐकते. आणि हेच शहर 2017 मध्ये 90 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवतं, सावित्रीबाई फुले कलामंदिरात नाटकांना गर्दी करतं, दिवाळी पहाटेला नटूनथटून फडके रोडवर उभं राहतं. नळाला काय येईल याची खात्री नाही आणि तरी अभिरुचीचा अभिमान सुटत नाही, असं हे गाव. साथ पसरवायला लेखकाला कुठली परदेशी प्रयोगशाळा शोधावी लागली नाही.

यापुढे जे लिहिते ते थोडं परदेशी सिनेमांबद्दल आहे, पण आपल्याच कामाचं आहे.

अमेरिकेत 2009 मध्ये ‘झोंबीलँड’ आला. दिग्दर्शक रूबेन फ्लायशर, लेखक ऱ्हेट रीस आणि पॉल वर्निक. मुळात ती एका टीव्ही मालिकेची कल्पना होती. चार अनोळखी माणसं, एकमेकांना खरी नावंही न सांगता शहरांच्या नावानं हाका मारणारी, गाडीतून प्रवास करतात आणि हळूहळू त्यांचं घर होतं. सुमारे 2.36 कोटी डॉलरमध्ये झालेल्या त्या सिनेमानं जगभरात 10 कोटी डॉलरच्या वर कमाई केली. एवढं यश मिळालं की दुसरा भाग वर्ष-दोन वर्षांत यायला हवा होता. तो आला 2019 मध्ये, दहा वर्षांनी. मधल्या काळात, 2013 मध्ये, त्याच कथेवर एका मालिकेचा पहिला भाग ॲमेझॉननं लोकांपुढे ठेवला. लेखक तेच होते, पात्रंही तीच, पण नट बदलले होते. लोकांनी तो स्वीकारला नाही आणि मालिका तिथंच थांबली. प्रेक्षकाला झोंबी हवे होते असं नाही, त्याला ती चार माणसं हवी होती. दहा वर्षांनंतर वुडी हॅरेलसन, जेसी आयझेनबर्ग, एमा स्टोन आणि ॲबिगेल ब्रेस्लिन हे चौघंही परत आले म्हणून ‘झोंबीलँड: डबल टॅप’ उभा राहिला. मधल्या काळात एमा स्टोनला ऑस्कर मिळालं होतं, तरी ती आली. आपल्याकडे नट मोठा झाला की जुन्या सिनेमाची ओळख सांगायलाही संकोचतो, म्हणून ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण त्या दुसऱ्या भागाचा हिशेबही नीट मांडायला हवा. खर्च 4 कोटी डॉलरच्या वर गेला, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कमाई झाली साधारण 12.5 कोटी. खर्च दुप्पट, उत्पन्न मात्र पाव हिश्शाच्याही आत वाढलं. सिनेमा वाईट नव्हता, मी तो आनंदानं पाहिला. तरी त्यात नवे प्रकारचे झोंबी, मोठ्या गाड्या, नायकांच्या नकला असणारी माणसं असं पुष्कळ काही आणलं होतं आणि त्यातलं थोडंच मनात राहिलं. मनात राहिली ती एकच गोष्ट: पहिल्या भागातली शाळकरी मुलगी आता मोठी झाली आहे आणि तिला या सांभाळून ठेवणाऱ्या माणसांचा जाच होतो, म्हणून ती घर सोडून जाते. दहा वर्षं गेली होती ती तिच्या वयात दिसली. बाकीच्या जगात दिसलीच नाहीत.

तिसऱ्या भागाची चर्चा आता चालू असते. दर दहा वर्षांनी एक, म्हणजे पुढचा 2029 मध्ये, ही कल्पना त्याच मंडळींनी बोलून दाखवलेली आहे. माझा अंदाज विचाराल तर तो होईल, कारण चौघांनाही एकत्र काम करायला आवडतं हे पडद्यावर दिसतं, आणि वीस वर्षांनंतर त्या चौघांची वयं हीच एक गोष्ट होईल. पण तो जर दुसऱ्या भागातल्या व्हाइट हाऊसपेक्षा मोठ्या जागेच्या शोधात निघाला, तर कशाला केला असं वाटेल.

याच्या उलटचं उदाहरण जुनं आहे. 1985 चा ‘द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड’ हा भयपट आणि विनोद यांची मोट बांधणारा सुरुवातीचा मोठा सिनेमा. मेंदू खाणारे झोंबी तिथून लोकप्रिय झाले. 1988 च्या दुसऱ्या भागात पहिल्यातले दोन नट नव्या नावांनी परत आणले आणि त्यांना जवळजवळ तेच प्रसंग पुन्हा दिले. हसू येत नाही, कारण पुढे काय होणार ते त्यांच्याइतकंच आपल्यालाही माहीत असतं. पुढे 1993 मध्ये एक आणि 2005 मध्ये आणखी दोन निघाले. आज लोक आठवण काढतात ती पहिल्याचीच.

आणि ज्यांनी दुसरा भाग केलाच नाही, त्यांचंही ऐकायला हवं. एडगर राइट आणि सायमन पेग यांचा 2004 चा ‘शॉन ऑफ द डेड’ हा या प्रकारातला बहुतेकांच्या मते सर्वोत्तम सिनेमा. त्यांनी त्याचा पुढचा भाग काढण्याऐवजी तीच जोडी, तीच विनोदाची पद्धत घेऊन 2007 आणि 2013 मध्ये दोन वेगळ्या कथांचे सिनेमे केले. शॉनची गोष्ट संपली होती, म्हणून त्यांनी तिला हात लावला नाही. हा प्रामाणिकपणा मला मान्य आहे. तुम्हीही असं म्हणालात की सुधीर, सीमा, विश्वास यांची गोष्ट संपली, तर मी गप्प बसेन. पण ती संपलेली नाही असं मला मनापासून वाटतं, आणि ते का, हे पुढे लिहिते.

त्याआधी आपल्याकडच्या दोन गोष्टी. 2013 मध्ये राज आणि डीके यांचा ‘गो गोवा गॉन’ आला. हिंदीत झोंबी आणि विनोद एकत्र आणून त्यांनी वाट पाडली. 2020 च्या सुरुवातीला दुसऱ्या भागाची घोषणा झाली, मार्च 2021 ही तारीखही सांगितली गेली. मग महामारी आली, तारीख गेली, सिनेमा काही आला नाही. दुसरीकडे आपला ‘झपाटलेला’. 1993 मध्ये महेश कोठारेंनी लक्ष्मीकांत बेर्डे आणि रामदास पाध्यांच्या बाहुल्याला घेऊन तो केला, आणि दुसरा भाग आला थेट 2013 मध्ये, थ्रीडीत. तोवर लक्ष्मीकांत बेर्डे आपल्यातून जाऊन नऊ वर्षं होत आली होती. मी तो सिनेमा माझ्या भाच्यांना घेऊन पाहिला. त्यांना तात्या विंचू आवडला. मी मात्र सबंध वेळ एका माणसाला पडद्यावर शोधत होते. वाट बघण्याची किंमत अशी असते. दहा वर्षं थांबणं हॉलिवूडच्या त्या चौघांना परवडलं, म्हणून सगळ्यांना परवडतं असं नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर तुमच्या बाजूनं सगळं जुळलेलं आहे, सरपोतदार. ‘झोंबिवली’नंतर 2024 मध्ये तुम्ही ‘मुंज्या’ केलात. कोकणातलं, आपल्या आज्यांच्या तोंडचं भूत हिंदीत नेलंत आणि त्यानं 100 कोटींचा पल्ला ओलांडला. 2025 च्या दिवाळीत ‘थामा’ आला. भीती आणि हसू यांचा मेळ घालणारा दिग्दर्शक म्हणून आता देशभर तुमचं नाव घेतात. पण तुमची ओळख आम्हाला त्याच्या आधीपासून आहे. ‘नारबाची वाडी’ करणारा माणूस जागेच्या, मालकीच्या आणि जमीनदाराच्या गोष्टीत किती मजा आणि किती कणव भरू शकतो, हे आम्ही 2013 मध्येच पाहिलं आहे. ‘झोंबिवली’त तीच नजर होती.

म्हणूनच माझी भीती स्पष्ट लिहिते. आता कुणीतरी म्हणेल की हेच हिंदीत करू, मुंबईभर करू, मोठा नट घेऊ, चारशे झोंबी घेऊ, त्यांना एकमेकांत गुंतलेल्या सिनेमांच्या अमुक एका विश्वाला जोडू. ‘मुंज्या’ त्या विश्वात शोभला. तो गोष्टींमधून चालत आलेल्या भुताचा सिनेमा होता, आणि भूत भाषा ओलांडून जातं. ‘झोंबिवली’चा विनोद मात्र माणसं एकमेकांशी कशी बोलतात यात आहे. सोसायटीचा सेक्रेटरी संकटातही ‘नियमानुसार’ म्हणतो, वस्तीतली बाई त्याला ‘ओ साहेब’ म्हणून जी हाक मारते त्या हाकेत मान नसतो, नवराबायको भांडतात तेव्हा ‘अहो’चं ‘अरे’ कधी होतं हे प्रेक्षक कान टवकारून ऐकत असतो. हे हिंदीत केलंत तर प्रसंग उरतील आणि हसू जाईल.

पैशांची अडचण मला कळते. पण जपानचं एक उदाहरण मी अनेकदा स्वतःलाच सांगते. ‘वन कट ऑफ द डेड’ हा 2017 चा झोंबी-विनोदपट सुमारे 30 लाख येनमध्ये झाला. आपल्या रुपयांत तो आकडा एखाद्या उपनगरी फ्लॅटच्या डाउन पेमेंटइतका आहे. त्यात फारसे नावाजलेले नट नव्हते. त्यानं खर्चाच्या हजार पटींहून अधिक कमावलं. लोक परत परत गेले ते त्याच्या पटकथेसाठी. तेलुगूत 2021 मध्ये ‘झोंबी रेड्डी’ आला, त्यानं रायलसीमेतलं घराण्याघराण्यांचं वैर घेतलं आणि त्यात झोंबी सोडले. जागा नेमकी, वैर नेमकं, मग झोंबी कुठूनही येवोत. त्या सिनेमातला नवखा नायक आणि दिग्दर्शक पुढे किती मोठे झाले ते सगळ्यांनी पाहिलंच.

आता ही गोष्ट संपलेली का नाही.

पहिल्या भागाच्या वेळी सीमाच्या पोटात असलेलं मूल आता शाळेत जायच्या वयाचं आहे. त्या मुलाला साथ आठवत नाही. त्याच्या आईबापांना रोज आठवते. एवढ्यावर अर्धा सिनेमा उभा राहतो. नळाचं पाणी चार वेळा गाळून देणारी आई आणि खेळाच्या मैदानात डबक्यातलं पाणी ओंजळीत घेणारा मुलगा, हा प्रसंग तुम्ही विनोदी करा किंवा भीतीचा, दोन्ही बाजूंनी तो खरा आहे.

आणि वस्तीचं काय झालं? मुंबई आणि तिच्या आसपास आज वस्तीचं काय होतं हे आपण सगळे जाणतो. पुनर्विकास होतो. 1995 च्या अखेरीस स्थापन झालेली झोपडपट्टी पुनर्वसन योजना, तिची पात्रतेची तारीख, 2000 सालच्या पहिल्या जानेवारीआधीचा पुरावा, 300 चौरस फुटांचं घर, हे सगळं भांडुपमध्ये माझ्या घरापासून पाच मिनिटांवर चालू आहे. एका भूखंडावर दोन इमारती उभ्या राहतात. एक पुनर्वसनाची, तिचे मजले दाटीवाटीचे, लिफ्ट बंद. दुसरी विक्रीची, तिला तरणतलाव. मधे भिंत, दोन वेगळी गेटं, दोन वेगळे वॉचमन. ती होईपर्यंत वस्ती संक्रमण शिबिरात. तिथं दोन वर्षांसाठी म्हणून गेलेली कुटुंबं मुलांची लग्नं होईतो तिथंच राहिलेली या शहरानं पाहिली आहेत.

माझी कल्पना अशी, की विश्वासची वस्ती आता अशाच एका संक्रमण शिबिरात आहे. बिल्डरनं भाडं थांबवलं आहे. सुधीर-सीमाच्या टॉवरनं मधल्या भिंतीची उंची वाढवली आहे. पहिल्या साथीत ज्यांनी एकमेकांचे जीव वाचवले, ते आता पार्किंगवरून आणि टँकरवरून बोलत नाहीत. याहून मराठी, याहून मुंबईची गोष्ट मला सुचत नाही. संकटात एक झालेली माणसं संकट सरल्यावर कशी परत वेगळी होतात, हे आपण 2020 आणि 2021 नंतर आपल्याच इमारतींमध्ये अनुभवलं. ज्या जिन्यात एकमेकांसाठी ऑक्सिजनचे सिलिंडर चढवले, त्याच जिन्यातल्या चपलांच्या स्टँडवरून आता नोटिसा जातात. याच्यावर कुणी सिनेमा केलेला नाही. झोंबीपटाइतका योग्य साचा दुसरा नाही, कारण त्याच साच्यात दाराबाहेर उभ्या असलेल्या शेजाऱ्याला आत घ्यायचं की नाही, हा प्रश्न उघड विचारता येतो.

एक प्रसंग तर मला इतका स्पष्ट दिसतो की लिहिल्यावाचून राहवत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाला 2019 पासून 51 टक्के सभासदांची संमती पुरते. आता जुन्या इमारतीची सर्वसाधारण सभा भरली आहे, ठराव एका मतानं अडला आहे, आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक काका चावा बसून खोलीत कोंडलेले आहेत. त्यांचं नाव सभासदांच्या यादीत आहे. ते गणसंख्येत धरायचे का? त्यांची सही चालेल का? मुलगा म्हणतो, बाबा अजून गेलेले नाहीत. बिल्डरचा माणूस म्हणतो, अंगठा चालेल. सेक्रेटरी उपविधी काढून बसतो. या एका सभेत हसू आहे, भीती आहे, आणि घरासाठी माणूस आपल्याच बापाचं काय करायला तयार होतो, हेही आहे. तुमच्याकडचे लेखक हा प्रसंग माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगला लिहितील. वापरायचा असेल तर तो तुमचाच समजा.

खऱ्या दुर्घटनांबाबत एक विनंती. एमआयडीसीतल्या स्फोटांत ज्यांची माणसं गेली ती कुटुंबं याच शहरात राहतात. कारखाना, रसायनं, पाणी हे सगळं कथेत जरूर यावं, त्याशिवाय ती डोंबिवलीची गोष्ट होणार नाही. पण स्फोटाचा देखावा हशासाठी वापरू नका. पहिल्या भागात तुम्ही हसू कुणावर आणायचं याचं भान ठेवलं होतं. गरिबाच्या गरिबीवर तुम्ही हसवलं नाही. ते भान दुसऱ्या भागात सगळ्यात आधी जपलं जावं.

निर्मात्यांना आता एक-दोन गोष्टी. तारीख आधी जाहीर करू नका. ‘गो गोवा गॉन’च्या चाहत्यांचं काय झालं ते वर लिहिलंच. आधी पटकथा पूर्ण होऊ द्या, मग तिघांच्या तारखा मिळवा, आणि तिघांपैकी एक जरी नसेल तर थांबा, पण बदली नट घेऊ नका. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी तिघंही आज कामात आहेत, लोकांच्या ओळखीचे आहेत, आणि त्या मुलाचे आईबाप आणि काका म्हणून शोभतील अशा वयात आहेत. ही वेळ पुढं ढकलली तर मूल कॉलेजात जाईल आणि गोष्टच वेगळी होईल.

शेवटची गोष्ट प्रदर्शनाची, आणि ती सरकारी नियमापेक्षा साध्या वेळापत्रकाची आहे. 2015 पासून मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमासाठी दुपारी 12 ते रात्री 9 मध्ये जागा द्यावी लागते. कागदावर ते ठीक आहे. पण दुपारी सव्वाबाराचा शो दिला तरी नियम पाळला जातो, आणि त्या वेळी डोंबिवलीचा, बदलापूरचा, भांडुपचा माणूस फोर्टात किंवा अंधेरीत कामावर असतो. तो घरी येतो आठच्या पुढे. त्याच्या गावातला, त्याच्या भाषेतला सिनेमा त्याला बुधवारी रात्री साडेआठ-नऊला, ठाण्याच्या पुढच्या पडद्यांवर मिळायला हवा. वितरकांशी बोलताना पहिल्या आठवड्याचे हे शो लेखी मागून घ्या. कल्याण, डोंबिवली, बदलापूर, पनवेल, वसई या पट्ट्यात ते मिळाले, तर तिकीट काढायला आम्ही येतो. माझ्या माहेरच्या ग्रुपवर सव्वीस माणसं आहेत, त्यांच्या वतीनं हे मी विचारूनच लिहिते आहे.

आपली,
‘झोंबिवली’ची एक प्रेक्षक
भांडुप, मुंबई